खारपाणातल्या किडनीचा इतिहास

पूर्णेच्या खोऱ्यात एके काळी विहीर दोन कामांसाठी खणत: पाण्यासाठी आणि मिठासाठी. इंग्रजी अमदानीतल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरांत या मिठाच्या विहिरींची नोंद सापडते. नदीच्या दोन्ही अंगांना खोल खणत जायचं, खालचा रेतीचा थर लागला की खारं पाणी जोरानं वर यायचं. ते उपसून उन्हात आटवायचं आणि मीठ गोळा करायचं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, पुढे मिठावर सरकारी अंमल बसला आणि हा धंदा संपला. विहिरी बुजल्या, पण जमिनीतलं खारेपण काही कुठं गेलं नाही.

हाच आमचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली सुमारे ९०० गावं, सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा मुलूख. उत्तरेला सातपुडा, मधून पूर्णा, आणि नदीनं युगानुयुगं आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर. वर काळी चिकण माती. तिच्यातून पाणी नीट झिरपत नाही आणि वाहूनही जात नाही. उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक असं आहे की एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी आणि हातपंप ही दुसरी हद्दही ओलांडतात.

मी याच पट्ट्यातली, दर्यापूर तालुक्यातली. आमच्या घरी विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि पाण्याच्या भांड्याला आतून पांढरी खपली धरायची. ती माय चिंचेनं घासून काढायची. गोड्या पाण्याचा गुंड वेगळा, झाकून ठेवलेला. त्याला लेकरांनी हात लावला तर मार बसायचा. पुढे मी नर्स झाले. नोकरीचा पहिला काळ शस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेला आणि नंतरचा डायलिसिसच्या खोलीत. तिथं मशीनवर पडलेली माणसं, त्यांच्या उशाशी बसलेल्या बाया, सगळे कधी ना कधी एकच गोष्ट विचारत. "सिस्टर, कापलेलं बोट भरून येते, मोडलेलं हाड जुळते, मंग किडनी काहून नाई उगवत?" मला हा प्रश्न कधीच अडाणीपणाचा वाटला नाही. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न चालू आहे. त्याचा इतिहास आमच्या मुलखाच्या इतिहासाला लावून सांगावा, असं फार दिवस मनात होतं.

आमच्याकडे किडनीच्या दुखण्याची सुरुवात खड्यापासून मानतात. खड्यावरचे घरगुती इलाज सगळ्यांना पाठ: कुळथाचं कढण, सराट्याचा काढा, न्हाणीपाशी लावलेल्या पानफुटीचं पान अनशापोटी. आणि खड्यावरची शस्त्रक्रिया तर जगातल्या सर्वांत जुन्या शस्त्रक्रियांपैकी एक. सुश्रुतानं मूत्राशयातला खडा खालून छेद घेऊन काढायची रीत तपशिलानं लिहून ठेवली आहे. ती सांगण्याआधी तो वैद्याला बजावतो की शस्त्र चालवलं नाही तर रोगी जाणार हे नक्की, आणि चालवलं तरी वाचेल याची खात्री नाही, म्हणून आधी राजाची परवानगी घे. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांची सही घेताना मला दर वेळी हे आठवायचं.

एकोणिसाव्या शतकात असे खडे विशेषकरून गरिबाघरच्या लहान पोरांच्या मूत्राशयात व्हायचे. आपल्या शेजारी, इंदूरच्या रेसिडेन्सीत, डॉ. कीगन या सर्जननं १८८० च्या दशकात मुलांचा खडा छेद न घेता लघवीच्या मार्गानं आतल्या आत फोडून, धुऊन काढायची पद्धत बसवली. इतक्या लहान वाटेतून हे जमणार नाही, असं तोवर युरोपातले सर्जन धरून चालले होते. मोठंच काम ते. पण पोरांच्या मूत्राशयातला खडा हटवला तो चिमट्यानं नव्हे. नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या लेकरांच्या पोटात दूध, डाळ, अंडं जाऊ लागलं तिथून तो खडा आपोआप नाहीसा होत गेला. इंग्लंडात तसंच झालं, इथंही तसंच. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निकस आहारावर उंदीर वाढवून त्यांच्या मूत्राशयात खडे तयार होताना दाखवले होते. हा धडा मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तो कामाला येणार आहे.

खारं पाणी किडनी खातं, असं गावोगाव म्हणतात. मशीनवर येणाऱ्यांच्या कागदांत मात्र कारणं बहुतेक तीच असायची जी सगळीकडे असतात: साखर, रक्तदाब, वर्षानुवर्षं अडकून राहिलेला खडा, आणि अंगदुखीसाठी दुकानातून आणून रोज खाल्लेल्या गोळ्या. पण खारपाण यांतल्या प्रत्येकाला हात देतं. मीठ जास्त गेलं की रक्तदाब चढतो. पाणी चवीला नको वाटलं की माणूस कमी पितो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर असताना शेतात राबणारा माणूस कमी पाणी प्याला, की लघवी घट्ट होते आणि खड्याला जागा मिळते. अंग दुखलं की गोळी घेतो, आणि कोरड्या पडलेल्या किडनीवर तीच गोळी दुप्पट भारी पडते. आंध्रच्या उद्दानम भागात आणि मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांत, साखर नसलेल्या तरण्या माणसांच्या किडन्या जाताना दिसल्या, तेव्हा ऊन आणि तहान यांच्याकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला ही जोडी नवी नाही.

म्हणून गोडं पाणी हाच आमच्याकडचा किडनीवरचा पहिला इलाज, आणि त्याचा इतिहास धरणांचा आहे. दर्यापूर-अंजनगावकडे शहानूरच्या धरणाचं पाणी नळानं आलं. अकोट-तेल्हाऱ्याकडे वानच्या धरणाचं, म्हणजे वारी भैरवगडच्या हनुमान सागराचं, ८४ खेडी योजनेतून आलं. माय तेव्हा म्हातारी झाली होती. नळाच्या पाण्यात पहिल्यांदा डाळ शिजली तेव्हा तिनं शेजारणीला बोलावून दाखवली. पण पाणी सगळीकडे पोचलं नाही, पोचलं तिथं रोज आलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचा टँकर सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले होते. मिठाच्या विहिरी बंद झाल्यावर दीडशे वर्षांनीही हा मुलूख तेच पाणी लोकांना दाखवत फिरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मशीनकडे येते. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या लहान गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरनं पहिलं चालणारं डायलिसिस यंत्र उभं केलं. सॉसेजसाठी वापरतात तसली सेलोफेनची नळी एका लाकडी ढोलाला गुंडाळलेली. रक्त नळीतून फिरायचं, ढोल मिठाच्या पाण्यात फिरायचा. त्याचे सुरुवातीचे जवळजवळ सगळे रोगी दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि वाचली. तरीही यंत्र कायमचं लावता येत नव्हतं, कारण दर वेळी नवी शीर उघडावी लागायची. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची नळी बसवली, आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि ॲपेल यांनी मनगटातली धमनी शिरेला जोडून दिली. त्या जोडणीला आपण फिस्टुला म्हणतो. खोलीत आलेल्या माणसाचं नाव विचारण्याआधी मी त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवायची. फिस्टुला चालू असला की कातडीखाली बारीक थरथर लागते, कान लावला तर सूं सूं ऐकू येतं. ती थरथर बंद पडली की रोग्याच्या आधी आमचे चेहरे उतरत. कित्येक जण झोपेतून उठल्याबरोबर आधी आपलं मनगट चाचपतात, मग डोळे उघडतात.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मशीन म्हणजे नागपूर किंवा मुंबई. आठवड्यातून दोनदा अकोल्याहून नागपूरला जाणं-येणं ज्याला परवडायचं तो काही महिने जगायचा. शेत विकायचं, मग बैल, मग घरातला माणूस स्वतःच म्हणायचा की पुरे करा. हळूहळू मशीनं अकोल्यात, अमरावतीत, पुढे तालुक्यांपर्यंत आली. सरकारी योजनांत डायलिसिस बसलं, २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि 'पैसे नाहीत' एवढ्याच कारणानं मरणाऱ्यांची संख्या माझ्या डोळ्यांदेखत घटली. हे मोठं काम झालं आणि ते मोठंच म्हणायला हवं. पण मशीन आठवड्याचे बारा तास चालतं आणि किडनी आठवड्याचे सगळे तास. रक्त गाळण्यापलीकडे किडनी रक्त वाढवणारं संप्रेरक करते, हाडांसाठी ड जीवनसत्त्व तयार करून देते, रक्तदाब सांभाळते. मशीन यातलं जवळजवळ काहीच करत नाही. म्हणून मशीनवरचा माणूस पिवळट, थकलेला, घोटभर पाणी मोजून पिणारा. खारपाणातल्या माणसाला आयुष्यभर गोड्या पाण्याची वाट पाहिल्यावर शेवटी डॉक्टरनं "दिवसाला लिटरच्या आत प्या" असं सांगावं, हे मला कधी सहन झालं नाही.

दुसऱ्याची किडनी बसवायचा मार्ग १९५४ मध्ये बोस्टनला खुला झाला. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. आपल्याकडे १९६५ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मृत दात्याची किडनी बसवून पाहिली. रोगी फार दिवस जगला नाही. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याची किडनी बसवली आणि ती चालली. पुढे किडनीचा बाजार झाला, म्हणून १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. महाराष्ट्रानं तो सुरुवातीलाच लागू केला. तरी २०१५ च्या अखेरीस अकोल्यातलं किडनी विक्रीचं प्रकरण बाहेर आलंच. सावकाराचं कर्ज फेडायला माणसांनी किडन्या दिल्या होत्या. कापूस पिकवणाऱ्या मुलखात कर्ज कुठवर आत शिरतं, ते त्या बातम्यांनी दाखवलं.

गेल्या काही वर्षांत अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला आमच्याकडे सगळे 'सुपर' म्हणतात, प्रत्यारोपण होऊ लागलं. वऱ्हाडातल्या सरकारी दवाखान्यात हे व्हावं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण किडनी देणारं कोण, हे पाहिलं की बोलणं थांबतं. माय देते, बायको देते, बहीण देते. देशभर जिवंत दात्यांत बायकाच जास्त आहेत. एका म्हाताऱ्या बापाला पोरगी किडनी द्यायला निघाली, तेव्हा तो सगळ्या वॉर्डासमोर मला म्हणाला, "माह्या पोरीचं अंग कापून मले नाई जगा लागत, बाप्पा. तुमी दुसरी बनवून द्या." पोरगी बाहेर पायऱ्यांवर बसून रडत होती. 'दुसरी बनवून द्या' हे त्याचं मागणं मी रोजच्या रोज मनाशी घोकत राहिले.

बनवता येते का? लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, त्याआधी बनली. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात असताना मी अशी लेकरं पाहिली ज्यांच्या पाठीचा कणा गर्भातच नीट मिटलेला नसतो, स्पायना बिफिडा म्हणतात तो आजार. त्यांचं मूत्राशय आक्रसून कडक होतं, लघवीचा दाब उलटा वर चढतो आणि किडन्या जातात. उपाय म्हणून सर्जन आतड्याचा तुकडा काढून मूत्राशयाला जोडून ते मोठं करतात. त्यानं जीव वाचतो. पण आतड्याचा धंदा शोषायचा. ते लघवीतले क्षार परत रक्तात ओढतं, त्यात चिकट स्राव सोडतं, खडे धरतं. नळी घालून तो चिकट स्राव धुऊन काढायचं काम आमचं असायचं. लेकराच्या आईला ते शिकवावं लागायचं, आणि ती शिकायची.

बोस्टनच्या बाल रुग्णालयात अँथनी अटाला या सर्जननं याच लेकरांसाठी वेगळी वाट धरली. मूत्राशयाचा पोस्टाच्या तिकिटापेक्षाही लहान तुकडा काढायचा. त्यातल्या आतल्या अस्तराच्या आणि बाहेरच्या स्नायूच्या पेशी वेगळ्या करून काचेच्या बशीत वाढवायच्या. मग शरीरात विरघळून जाणारा, मूत्राशयाच्या आकाराचा साचा घ्यायचा आणि आतून अस्तराच्या, बाहेरून स्नायूच्या पेशी त्यावर पेरायच्या. दोडक्याच्या वेलाला मांडव घालतो तसा तो साचा. वेल सावरला की मांडव कुजून गेला तरी चालतो. सात-आठ आठवड्यांत हे तयार झालं की लेकराच्या स्वतःच्या मूत्राशयाला शिवायचं आणि रक्तपुरवठ्यासाठी पोटातला चरबीचा पदर भोवती गुंडाळायचा. पेशी स्वतःच्याच, म्हणून शरीर त्या नाकारत नाही. अशी सात मुलं, ४ ते १९ वर्षं वयाची, त्यांनी काही वर्षं पाहिली आणि २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. जगभर बातमी झाली. माणसाचा आतला अवयव प्रयोगशाळेत वाढून माणसात बसला होता.

पुढचं कमी लोकांना माहीत असतं, आणि मला तेच जास्त सांगावंसं वाटतं. टेंजियन नावाच्या कंपनीनं तीच पद्धत घेऊन स्पायना बिफिडाच्या दहा मुलांवर रीतसर चाचणी केली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: मूत्राशय मोठंही झालं नाही, मऊही झालं नाही, आणि काही मुलांना गंभीर त्रास झाला. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनी दिवाळ्यात निघाली. कारण विचाराल तर मूत्राशय नुसती पिशवी नाही. ते भरताना सैल राहतं आणि रिकामं होताना आवळतं, आणि हे मज्जातंतू सांगतात तसं. ज्या लेकराचे मज्जातंतूच दुखावलेत, त्याच्या नव्या भिंतीलाही तेच आजारी हुकूम मिळतात. शिवाय जाड भिंतीच्या मधोमध रक्त लवकर पोचलं नाही तर पेशी उपाशी मरतात आणि तिथं नुसता व्रण राहतो. पडलेली चाचणी छापून जगापुढे ठेवणाऱ्या त्या डॉक्टरांबद्दल मला आदर आहे. मे २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला इंदरबीर गिल आणि नीमा नसिरी यांनी पहिल्यांदा माणसाचं मूत्राशय माणसाला बसवलं, तेही दात्याचं. वाढवलेल्या मूत्राशयाची वाट अजून तिथपर्यंत आलेली नाही.

किडनीचं काम याहून फार अवघड. एका किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉन म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याला जोडलेली लांब, वळणावळणाची नळी. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत घेतलं जातं. २०११ मध्ये अटाला यांनी अमेरिकेत एका व्याख्यानाच्या व्यासपीठावर यंत्रानं छापलेला किडनीच्या आकाराचा गोळा हातात धरून दाखवला. वर्तमानपत्रांनी किडनी छापली म्हणून लिहिलं. आमच्या खोलीतही कोणीतरी ते कात्रण आणलं होतं. तो आकार होता. गाळत काहीच नव्हता.

२०१३ मध्ये बोस्टनच्या हारल्ड ऑट यांनी उंदराची किडनी साबणासारख्या द्रावणानं आतून धुऊन पेशीविरहित केली. उरला तो पांढरट, अर्धपारदर्शक सांगाडा, सगळ्या नळ्या जागच्या जागी. त्यात नव्या पेशी पेरल्या आणि तो जिवंत उंदरात जोडला. त्यातून लघवी झरली. निरोगी किडनीच्या मानानं अगदी थोडी, पण झरली. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात मिनोरु ताकासातो आणि मेलिसा लिटल यांनी मूळपेशींना ठरावीक क्रमानं ठरावीक रसायनं देऊन बशीत किडनीचा गोळा वाढवला. त्यात नेफ्रॉन आहेत, गुच्छ आहेत, नळ्या आहेत. पण तो काही मिलिमीटरचा, त्याला रक्त नाही, आणि लघवी बाहेर जायला वाट नाही. त्याच्या पेशी तपासल्या तेव्हा तो पहिल्या काही महिन्यांतल्या गर्भाच्या किडनीसारखा निघाला. तेव्हापासून या गोळ्याला रक्तवाहिन्या कशा द्यायच्या आणि लघवीची नळी कशी जोडायची, यावर काम चालू आहे. दुसरीकडे जनुकं बदललेल्या डुकराची किडनी मार्च २०२४ मध्ये बोस्टनला रिचर्ड स्लेमन यांना बसवली. ते सुमारे दोन महिने जगले.

हे सगळं मी पेशंटांना सांगायची ती आशा मोडायला नव्हे. आशेवर धंदा करणारे फार आहेत. आमचा एक तरुण पेशंट, शिक्षक, मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात 'स्टेम सेल', म्हणजे मूळपेशी, टोचून घेऊन आला. त्यासाठी त्यानं पत्नीचे दागिने मोडले होते. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तसूभरही खाली आलं नाही, वर डायलिसिस चुकवल्यानं पाणी छातीत चढलं होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं आहे की रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या ठिकाणी मान्य असलेलं प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशी फक्त नोंदवलेल्या चाचणीतच द्यायच्या, आणि त्याचे पैसे रोग्याकडून घ्यायचे नाहीत. कोणी पैसे मागितले, की ते संशोधन नव्हे. एवढी एक ओळख पटली तरी पुष्कळ.

आता तो मूळ प्रश्न: किडनी काहून नाई उगवत? नेफ्रॉन तयार करणाऱ्या पेशी माणसात एकदाच असतात, आईच्या पोटात. गर्भाच्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत नेफ्रॉन बनत राहतात. मग त्या पेशी संपतात, आणि पुढे आयुष्यभर एकही नवा नेफ्रॉन बनत नाही. दुखावलेली नळी थोडीफार भरून येते, म्हणून काही माणसं मशीनवरून उठून घरीही जातात. पण मेलेला नेफ्रॉन गेला तो गेलाच. म्हणजे ताकासातो आणि लिटल बशीत जे करू पाहतात, ते आजही फक्त एकाच ठिकाणी पूर्ण होतं.

१९८८ पासून पुढच्या काही वर्षांत बोस्टनच्या बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी एक विचार मांडला: जे बाळ पोटात उपाशी वाढतं, त्याला नेफ्रॉनच कमी मिळतात. कमी नेफ्रॉनांवर पुढे जास्त भार पडतो, रक्तदाब चढतो, चाळिशी-पन्नाशीत किडनी थकते. त्याला जोड देणारा पुरावा हॉलंडमधून आला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथल्या शहरांत दुष्काळ पडला होता. त्या वेळी जी बाळं पोटात मधल्या महिन्यांत होती, त्यांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी केली तेव्हा लघवीत प्रथिन जाण्याचं प्रमाण इतरांहून जास्त निघालं. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. ज्या देशात, ज्या युद्धात कोल्फ आपलं लाकडी ढोलाचं यंत्र चालवत होता, त्याच देशात, त्याच वेळी, पुढच्या पिढीच्या किडन्या आयांच्या पोटात कमी भरत होत्या.

आणि आमच्याकडे मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा, याच अमरावती जिल्ह्यातले. १९९३ पासून तिथले कुपोषणाचे बालमृत्यू वर्तमानपत्रांत, विधानसभेत, न्यायालयात गाजले. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातलं, उतावलीला डॉ. आशिष सातव यांनी. त्यांच्या आणि आशा कार्यकर्त्यांच्या हातून कितीतरी लेकरं वाचली. ती आता तरुण झाली आहेत. कामासाठी परतवाड्याला, अमरावतीला, अकोल्याला उतरतात, उन्हात ओझी वाहतात, तहान मारतात, अंगदुखीची गोळी घेतात. त्यांच्यातलं अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ आज वीस-तीस वर्षांचं आहे, आणि त्याच्याजवळ नेफ्रॉन किती आहेत हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. खारपाणातल्या शेतमजुराच्या घरी सातव्या महिन्यापर्यंत निंदणाला जाणाऱ्या बाईचं बाळही याच हिशेबात येतं. पोरांच्या मूत्राशयातला खडा दूध-डाळीनं हटवला होता, तो धडा इथं लागू पडतो.

डायलिसिसच्या खोलीत पहिल्या दिवशी आम्ही एक मोठा कागद भरत असू. साखर कधीपासून, रक्तदाब कधीपासून, खडा झाला होता का, कोणत्या गोळ्या, घरात कोणाला आजार. जन्माच्या वेळचं वजन त्या कागदावर कुठंच नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या काळात मी ते समासात लिहू लागले. रोग्याला ठाऊक नसलं तर मायला विचारायचं. आयांना किलो सांगता येत नाही, पण त्या हातानं माप दाखवतात, किंवा म्हणतात की कापसात गुंडाळून ठेवला होता, चमच्यानं दूध पाजलं, सटवीला कोणालाच बोलावलं नाही कारण जगेल असं वाटलं नव्हतं. आता बाळाचं वजन जन्मल्याबरोबर आशाच्या वहीत चढतं, माता-बाल कार्डावर चढतं. माझी मागणी एवढीच आहे की ते कार्ड पाचव्या वर्षानंतर रद्दीत जाऊ नये. ज्यांचं वजन अडीच किलोच्या आत होतं त्यांची शाळेत असल्यापासून वर्षातून एकदा लघवी आणि रक्तदाब तपासला जावा. लघवीच्या पट्टीला फारसा खर्च येत नाही, आणि ती भिजवून रंग बघायला डॉक्टर लागत नाही. शाळेतल्या बाईही बघू शकतात.